पंचेचाळीस माणसांपासून सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत : मिझोरमच्या डोंगरांत मिशन कसे रुजले

१९०१ च्या जनगणनेत लुशाई टेकड्यांची, म्हणजे आजच्या मिझोरमची, लोकसंख्या ८२,४३४ भरली. त्यात ख्रिस्ती होते ४५. पहिले मिशनरी येऊन तोवर सात वर्षे झाली होती. पुढच्या जनगणनेत, १९११ मध्ये, आकडा २,४६१ झाला. १९२१ मध्ये २७,७२० आणि १९३१ मध्ये ५९,१२३. २०११ मध्ये राज्यातले ८७ टक्के लोक ख्रिस्ती होते.

यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, गोऱ्यांनी धाक दाखवून आणि धान्य, औषधे देऊन बाटवले. दोन, हा देवाचा चमत्कार. दुसऱ्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, तो श्रद्धेचा भाग आहे. पण पहिले उत्तर आकड्यांशी जुळत नाही. ब्रिटिश फौजेचा धाक सर्वांत ताजा होता तो १८९० च्या दशकात, आणि नेमक्या त्या दशकात मिशनच्या हाती जवळपास काहीच लागले नाही. वाढ झाली ती नंतर, आणि तेव्हाही गोरे मिशनरी मोजकेच होते. मग काम कोणी केले आणि कसे, हा खरा प्रश्न.

आत शिरण्याची परवानगी

डोंगरी मुलुखात जाणे म्हणजे आधी सरकारकडून परवाना मिळवणे. १८७३ च्या कायद्याने आसामच्या डोंगरांभोवती ‘इनर लाइन’ आखली गेली होती. मैदानातल्या माणसाला ती ओलांडायला परवाना लागे, मिझोरममध्ये आजही लागतो. लुशाई टेकड्यांत १८७१-७२ आणि १८८९-९० अशा दोन मोठ्या लष्करी मोहिमा झाल्या. दुसऱ्या मोहिमेनंतर ऐजॉल आणि लुंगलेईला कायमची ठाणी बसली. खासी टेकड्यांतले, म्हणजे आजच्या मेघालयातले, वेल्श मिशनरी विल्यम विल्यम्स १८९१ मध्ये ऐजॉलला पाहणी करून गेले होते, पण पुढच्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

मग आले जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज. त्यांना पाठवले होते इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉबर्ट आर्थिंग्टन यांनी. हा गृहस्थ प्रचंड श्रीमंत, राहणीने कमालीचा कंजूष, आणि त्याची योजना स्पष्ट होती : एका जमातीत जा, भाषा शिका, बायबलमधली लूक आणि योहान ही दोन शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये एवढे भाषांतर करा, आणि पुढच्या जमातीकडे चालू लागा. शाळा, दवाखाना, पक्की इमारत यांत अडकायचे नाही. कागदावर ही योजना झटपट दिसते. तिच्यातली खोट लगेच कळते : वाचणाराच नसेल तर भाषांतर कोणासाठी?

परवानगीसाठी सिलचरच्या भागात ताटकळल्यावर दोघे नाताळनंतर होडीने त्लॉंग नदीतून वर निघाले आणि ११ जानेवारी १८९४ रोजी सायरंगला पोचले. तिथून ऐजॉल पायी. ही तारीख मिझोरममध्ये आजही ‘मिशनरी दिन’ म्हणून सुट्टीची आहे. हिवाळा निवडण्यामागे साधे कारण होते. पावसाळ्यात नदी चढते, वाटा निसरड्या होतात, मलेरिया वाढतो. शिवाय झूम शेतीत जानेवारी-फेब्रुवारीत जंगल तोडायचे, मार्चच्या सुमारास जाळायचे, पहिल्या पावसात पेरायचे आणि मग तण काढत बसायचे. सगळे गाव दिवसभर शेतात. गाव घरी सापडते ते कापणीनंतरच्या थंडीत, नाहीतर रात्री चुलीपाशी. पुढे जे जे प्रचारक या डोंगरांत फिरले, त्यांचे सगळे वेळापत्रक या शेतीने ठरवले.

लिपी

दोघांच्या चार वर्षांतले टिकाऊ काम एकच, आणि तेच सर्वांत मोठे. मिझो भाषेला लिपी नव्हती. लष्करी अधिकारी टी. एच. लेविन यांनी आधी काही शब्द व वाक्ये रोमन अक्षरांत छापली होती, लोकांच्या हाती मात्र लेखन आलेले नव्हते.

पहिला निर्णय : बंगाली लिपी की रोमन? शेजारच्या खासी टेकड्यांत याचा प्रयोग होऊन गेला होता. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनने खासी भाषेसाठी बंगाली लिपी वापरली आणि ते लेखन लोकांत रुजलेच नाही. १८४१ मध्ये चेरापुंजीला आलेल्या टॉमस जोन्स यांनी रोमन घेतली आणि ती रुजली. लॉरेन-सॅव्हिज यांनी रोमन घेतली, पण इंग्रजी स्पेलिंग घेतले नाही. त्यांनी हंटरची पद्धत वापरली, म्हणजे भारतीय गावांची नावे नकाशांवर लिहिताना सरकार वापरत असे तीच. एका अक्षराचा एकच उच्चार. इंग्रजीत मुलाला वाचायला वर्षे लागतात, या पद्धतीत अक्षरे कळली की शब्द वाचता येतो. डोंगरातल्या रात्रशाळेसाठी हा फरक निर्णायक होता.

काही आवाजांसाठी खास सोय करावी लागली. ‘ऑ’ साठी दोन अक्षरांची जोडी घेतली आणि तिला स्वतंत्र अक्षर मानले. ‘च’ आणि ‘ङ’ यांच्या जोड्याही वर्णमालेत स्वतंत्र बसल्या. ‘ट्र’ सारख्या आवाजासाठी ‘टी’ खाली टिंब आले. श्वास सोडत उच्चारायच्या ल, म, न या ध्वनींपुढे ‘एच’ लागला. असे मिळून आज वर्णमालेत २५ अक्षरे आहेत.

एक गोष्ट मात्र सुटली. मिझो भाषा सुरांवर चालते. एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत उच्चारला तर अर्थ बदलतो. ‘लेइ’ म्हणजे माती, जीभ, पूल किंवा विकत घेणे. लिपीत सुरांच्या खुणा नाहीत. मिझो माणूस संदर्भावरून वाचतो, त्याचे अडत नाही. बाहेरून आलेला शिकाऊ मात्र हमखास घसरतो, आणि उपदेशात घसरला तर श्रोते हसतात.

दुसरा परिणाम अधिक दूरचा. लेखनासाठी निवडली गेली दुह्लियान बोली, कारण सैलो सरदारांची ती बोली होती आणि बहुतेक गावांत समजत होती. जी बोली छापली गेली ती ‘मिझो भाषा’ झाली. बाकीच्या बोलींपैकी अनेक त्या छायेखाली गेल्या. दक्षिणेकडच्या मारा लोकांची भाषा वेगळी लिहिली गेली याचे कारण लॉरेन यांचे धाकटे भाऊ रेजिनाल्ड १९०७ मध्ये तिथे स्वतंत्र मिशन घेऊन गेले. कोणत्या बोलीला छापखाना मिळाला आणि कोणत्या नाही, यात भाषेच्या गुणांचा काही संबंध नव्हता.

पहिली शाळा १ एप्रिल १८९४ रोजी भरली. विद्यार्थी दोन, सुआका आणि थांगफुंगा. वाचनाचे पहिले पुस्तक १८९५ मध्ये आले. आर्थिंग्टनने सांगितलेली तीन भाषांतरे आणि लुशाई भाषेचे व्याकरण व शब्दकोश १८९८ मध्ये छापून झाले. तोवर लॉरेन आणि सॅव्हिज ठरल्याप्रमाणे निघून गेलेही होते. धर्मांतर शून्य.

मराठी वाचकाने इथे क्षणभर आपल्याकडे पाहावे. अमेरिकन मिशन मुंबईत १८१३ पासून होते. पण मराठीला लिपी होती, पोथ्या होत्या, कीर्तन होते. गोव्यात टॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्येच छापले गेले आणि ते ओव्यांत होते, कारण इथल्या श्रोत्याला कथा ओवीत ऐकायची सवय होती. पुढे ना. वा. टिळकांनीही अभंगच हाती घेतले. आपल्याकडे मिशनला चालत्या परंपरेत जागा शोधावी लागली. लुशाई टेकड्यांत पहिले छापील पान हेच मिशनचे पान होते.

न कळलेला उपदेश

ऑगस्ट १८९७ मध्ये वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आले, पुढच्या वर्षअखेरीस एडविन रोलंड्स. मिझो लोक त्यांना झोसाफ्लुइया आणि झोसापथारा म्हणू लागले. पहिला बाप्तिस्मा २५ जुलै १८९९ रोजी खुमा आणि खारा या दोघांचा.

सुरुवातीचा उपदेश असा होता : तुम्ही पापी आहात, येशूने तुमच्या पापासाठी प्राण दिला. ऐकणाऱ्याला यात आपल्या आयुष्यातले काहीच सापडत नव्हते. त्याची भीती वेगळी होती. आजार, अपघात, वांझपण हे सगळे राम्हुआई, म्हणजे झाडे, कडे आणि झरे यांत राहणारी भुते, आणत. कोणत्या भुताने धरले हे बॉल्पु, म्हणजे गावचा मांत्रिक, ओळखे आणि त्याप्रमाणे बळी सांगे : कोंबडी, डुक्कर, बकरा. रोगी बरा झाला नाही तर पुढचा बळी. लांबलेला आजार घरातली जनावरे संपवून टाकी.

वर पाथिआन नावाचा एक भला देव होता, पण तो दूर होता आणि त्रास देत नसल्यामुळे रोजच्या व्यवहारात त्याचा फारसा विचार होत नसे. मिशनऱ्यांनी आपल्या देवासाठी हेच नाव घेतले. मग उपदेशाचा रोख फिरवला : येशू हा राम्हुआईंपेक्षा बलवान आहे, त्याच्याकडे आलात तर बळी द्यावा लागणार नाही. लॉरेन यांच्या लेखनात हा बदल स्पष्ट दिसतो. पापाची गोष्ट नंतर, हळूहळू आली.

मृत्यूनंतरचा हिशोबही असाच होता. पिआलराल हा सुखाचा लोक, तिथे कष्ट न करता भात मिळे. पण तिथे प्रवेश होता थांगछुआह हा मान मिळवणाऱ्याला. त्यासाठी ठरावीक मोठी जनावरे मारावी लागत, किंवा मिथुन (गव्यासारखे पाळीव जनावर) कापून गावजेवणांची एक मालिकाच घालावी लागे. गरिबाला आणि सामान्य बाईला हे जमणारे नव्हते. नव्या धर्माने ही अट काढली. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींत विधवा, गरीब आणि सरदाराचे आश्रित का दिसतात, हे यावरून कळते.

विरोध कशावरून झाला

सरदारांच्या विरोधाला केवळ हट्ट म्हणणे चूक ठरेल. गावासाठी सामूहिक बळी दिला की ‘ह्रिल’ पाळायचा : त्या काळात कोणी शेतावर जायचे नाही. एकाने मोडला तरी विधी वाया, असा समज. ख्रिस्ती झालेला माणूस ह्रिलच्या दिवशी शेतावर जाई आणि रविवारी, जेव्हा सगळे गाव राबत असे, तेव्हा बसून राही. वर तो बळीचा वाटा देत नसे. गावाच्या नजरेने तो सगळ्यांचे पीक धोक्यात घालत होता. काही ठिकाणी त्यांना गावातून हाकलले गेले.

दुसरा मुद्दा झू, तांदळाची दारू. मिशनने ती पूर्ण बंद करायला लावली. जन्म, लग्न, मरण, पाहुणा, करार, प्रत्येक ठिकाणी झूचा पेला होता. तो नाकारणे म्हणजे नाते नाकारणे. चहा ही जागा भरून काढायला बराच काळ जावा लागला. ढोलही मिशनने चर्चबाहेर ठेवला, कारण तो झूच्या मेजवान्यांशी जोडलेला होता.

१९०४ मध्ये सरकारने आपल्या शाळा मिशनकडे सोपवल्या आणि रोलंड्स शाळांचे मानद निरीक्षक झाले. प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला वेठीच्या हमालीतून सूट मिळाली. साहेबांचे सामान पाठीवर वाहून थकलेल्या लोकांना शाळेचे महत्त्व पटवायला यापेक्षा वेगळे भाषण लागले नसावे.

१९०६ मध्ये खासी टेकड्यांतल्या मैरंगच्या सभेला गेलेले मिझो प्रतिनिधी तिथली जागृतीची, म्हणजे सामूहिक धार्मिक उत्साहाची, लाट घेऊन परतले. लगोलग १९०८ मध्ये ‘पुमा झाई’ आली. हे गाणे गावोगाव पसरले, मेजवान्या झडल्या, ख्रिस्ती लोकांची टिंगल सुरू झाली, अनेक जण परत गेले. मिशनच्या इतिहासात हा भाग घाईने उरकला जातो. खरे तर जुन्या श्रद्धेने दिलेले ते सर्वांत सशक्त उत्तर होते, आणि तेही गाण्यातूनच.

ती लाट मोडली १९११-१२ च्या मौतामने. डोंगरभर पसरलेला एका जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, बी खाऊन उंदीर माजतात आणि मग शेते फस्त करतात. दुष्काळात मेजवान्या थांबल्या, बळीची जनावरे उरली नाहीत. पाठोपाठ १९१७ मध्ये सुमारे २,१०० लुशाई तरुण मजूर तुकडीत फ्रान्सला गेले, १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला, १९१९ मध्ये जागृतीची सर्वांत मोठी लाट उठली. २,४६१ वरून २७,७२० ही उडी या दशकातली आहे. या लाटेतच ढोल चर्चमध्ये आला. तोवर वेल्श चालीवर भाषांतरित स्तोत्रे गायली जात. ती सा-रे-ग-म सारख्या अक्षरी स्वरलिपीत छापलेली असत, त्यामुळे वाद्याशिवाय चार आवाजांत गाता येत. आता मिझो कवींनी स्वतःची, संथ, ढोलावर डुलत गायची गीते रचली. त्यांना लेंगखॉम झाई म्हणतात. मिशनऱ्यांना हे फारसे रुचले नव्हते.

बॉईचा प्रश्न

मिशन आणि सरकार एकच होते, असे म्हणणाऱ्यांनी मिशनचे डॉ. पीटर फ्रेझर यांचे प्रकरण पाहावे. उपासमारीत किंवा संकटात सरदाराच्या घरी आसरा घेणारा माणूस त्याचा बॉई होई. त्याला अन्न आणि संरक्षण मिळे, बदल्यात त्याने आणि त्याच्या संततीने सरदाराकडे राबायचे. सुटायचे तर ४० रुपये किंवा एक मिथुन. १९०८ मध्ये आलेल्या फ्रेझर यांनी याला सरळ गुलामगिरी म्हटले आणि पैसे भरून माणसे सोडवायला सुरुवात केली. टेकड्यांचा सरकारी कारभार पाहणारे सुपरिंटेंडेंट कोल यांना सरदार दुखावणे परवडणारे नव्हते, कारण त्यांच्याच मदतीने हा मुलूख चालवला जात होता. त्यांचे म्हणणे, ही आश्रयाची पद्धत आहे. डी. ई. जोन्स यांनी सरकारची बाजू घेतली. फ्रेझर यांना टेकड्या सोडाव्या लागल्या, आणि त्यांनी हा वाद लंडनपर्यंत नेला. पुढे प्रथा सरकारनेच हळूहळू मोडीत काढली. दोन्ही वर्णनांत तथ्य होते, पण आश्रयाचे कर्ज मुलांवर चढते तिथे कोल यांचा युक्तिवाद लंगडा पडतो.

पैसा कुठून आला

वेल्श मंडळींनी परदेशी पैसा मिशनऱ्यांचे पगार, शाळा आणि दवाखाना यांवर खर्च केला. गावच्या चर्चचा आणि प्रचारकांचा बोजा पहिल्यापासून स्थानिकांवर टाकला. रोख पैसा मात्र डोंगरात नव्हताच. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ‘बुहफाइ थाम’ ही पद्धत त्यातून निघाली. स्वयंपाकाला तांदूळ मोजताना बाईने दर जेवणाला एक मूठ वेगळ्या भांड्यात काढायची. मंडळीतल्या बायका ठरल्या दिवशी घरोघर फिरून तो गोळा करतात, विकतात आणि रक्कम चर्चच्या कामाला जाते. मूठ ५० ग्रॅमची धरली आणि दिवसाला दोन जेवणे धरली तर एका घरातून महिन्याला तीन किलो. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी आपल्याकडे मुष्टिफंड जमत असे, त्याचाच हा भाऊ म्हणता येईल.

या पद्धतीची ताकद तांदळाइतकीच हिशोबात आहे. ज्या घरातून रोज मूठ निघते त्या घराला पैसा कुठे गेला हे विचारायचा हक्क वाटतो. परदेशी पैशावर उभ्या राहिलेल्या अनेक मंडळ्या देणगी आटताच बसल्या. इथे १९६६ ला मिझो नॅशनल फ्रंटचे बंड झाले, १९६८ पर्यंत वेल्श मिशनरी परत गेले, तरी चर्चचा कारभार अडला नाही. पहिले मिझो पाळक छुआहखामा १९१३ मध्येच नेमले गेले होते. संपूर्ण बायबल १९५९ मध्ये आले, आणि १९६१ पासून तिथल्या सिनॉडचे, म्हणजे चर्चच्या मध्यवर्ती सभेचे, मिशन बोर्ड स्वतःच बाहेर प्रचारक पाठवू लागले.

गेले तेही थोडे नव्हते. झॉलबुक, म्हणजे अविवाहित तरुणांचे सामायिक शयनगृह, गावची शिस्त, शिकार, आगीपासून संरक्षण, सगळे शिकवी. शाळा आणि वसतिगृहांनी ते ओस पडले. सुपरिंटेंडेंट पॅरी यांनी १९२० च्या दशकात हुकमाने ते जिवंत करायचा प्रयत्न केला, पण १९३८ मध्ये ते बंदच करण्यात आले. त्याची काही कामे १९३५ मध्ये स्थापन झालेल्या यंग लुशाई असोसिएशनने, आताच्या यंग मिझो असोसिएशनने, उचलली : कोणी वारले की कबर खणायला आजही तेच तरुण येतात.

मिशनांनी आपसांत केलेली वाटणीही टिकून आहे. उत्तर वेल्श प्रेस्बिटेरियनांकडे, आणि १९०३ मध्ये लॉरेन-सॅव्हिज बॅप्टिस्ट मिशनतर्फे लुंगलेईला परत आल्यावर दक्षिण बॅप्टिस्टांकडे. गावाने कोणता पंथ घ्यायचा हे बहुधा इंग्रजांच्या नकाशाने ठरवले.

झूची बंदी तर कायद्यात उतरली. चर्चच्या आग्रहाने १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदीचा कायदा झाला आणि १९९७ पासून लागू झाला. २०१५ मध्ये बंदी उठली, परवान्यावर दारू विकली जाऊ लागली आणि सरकारला तिच्यातून महसूल मिळत होता, तरी २०१९ मध्ये बंदी पुन्हा आली. चर्चचे वजन किती, हे २०१९ च्या निर्णयावरून मोजता येते.